पहिला चीक, पहिले सहा महिने आणि सुईणीचा शब्द

गाय व्याली की गोठ्यात काय धावपळ होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. घरातला जाणता माणूस वासराचे नाक-तोंड पुसतो आणि वार पडायची वाट न पाहता त्याला कासेला लावतो. पहिल्या काही तासांत पोटात गेलेला चीक म्हणजे वासराचे अर्धे आयुष्य, हे आता गावोगाव कळले आहे. चोवीस तास उलटले की वासराचे आतडे चिकातली संरक्षक द्रव्ये रक्तात घेईनासे होते. म्हणून वासराचे पोट आधी, आपला खरवस नंतर.

त्याच घरात सून किंवा लेक बाळंत झाली म्हणजे मात्र कधी कधी उलटे घडते. पिवळसर, घट्ट चीक 'खराब दूध' म्हणून पिळून टाकला जातो. बाळाच्या ओठांना मध लावतात, गुळाचे पाणी चाटवतात, आणि तिसऱ्या दिवशी 'पांढरे दूध' उतरले की मग बाळाला पदराखाली घेतात. माणसाच्या बाळाला काही संरक्षण आईच्या पोटातच मिळालेले असते. त्यामुळे चीक चुकला तरी ते वासरासारखे एकदम उघडे पडत नाही. पण आतड्याला आणि घशाला रोगजंतूंपासून जपणारे जे कवच चिकातून मिळते, ते दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. बाळाची ती पहिली लसच समजा. घरातली, फुकटची.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी शेतीखात्याचा माणूस. माझे काम बी-बियाण्याचे, फवारणीचे आणि माती परीक्षणाचे. पण साखरखेर्ड्याच्या परिसरात शेतावर फिरताना निंदणाला आलेल्या बायांची लेकरे बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत दिसतात. कुणाच्या उशाशी दुधाची बाटली असते, बाटलीच्या बुचावर माश्या असतात. पिकाबद्दल बोलायचे आणि या झोळीकडे पाहून न पाहिल्यासारखे करायचे, हे काही बरे नव्हे. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून बाळाला पाजण्याचा विषय घेतला आहे. आणि त्यातही, पाजणाऱ्या आईला योग्य वेळी योग्य शब्द सांगणाऱ्या सुईणीचा.

सुईण गेली, तिचे काम राहिले

पूर्वी गावात बाळंतपण म्हटले की सुईण आलीच. ती नाळ कापी, बाळाला आंघोळ घाली, बाळंतिणीला शेक-शेगडी देई, पाचवीपर्यंत आणि पुढे बारशापर्यंत येत-जात राही. तिच्या काही रीती चुकीच्या होत्या, काही फार चांगल्या होत्या. १९७७ नंतर सरकारने गावोगावच्या दायांना प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली, आणि बाळंतपणे हळूहळू दवाखान्यात होऊ लागली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली १०० पैकी सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. ही मोठी गोष्ट आहे. यामुळे अनेक आया आणि बाळे वाचली.

पण याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. जन्मल्यापासून एका तासाच्या आत आईचे दूध मिळालेली बाळे होती १०० पैकी साधारण ५३. म्हणजे बाळंतीण दवाखान्यात पोचली, पण पहिला चीक वेळेवर बाळाच्या तोंडात पोचला असे नाही. खाट मिळाली, डॉक्टर मिळाले, सलाईन मिळाले. पण सुईण जशी खाटेशी बसून बाळाला छातीशी धरायला शिकवीत असे, तसे कुणी बसले नाही.

ते काम आज कुणाचे? उपकेंद्रातल्या आपल्या सिस्टरचे पद पाहा. 'सहायक परिचारिका प्रसाविका' असे ते आहे. प्रसाविका म्हणजेच सुईण. तिच्या जोडीला गावातली आशाताई आणि अंगणवाडीताई. जुन्या सुईणीचा वारसा आता या तिघींकडे आला आहे. साखरखेर्ड्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आसपासच्या गावांसाठी उपकेंद्रे आहेत. या बाया केवळ डोस पाजायला आणि नाव लिहायला येत नाहीत, हे घराघरात कळले पाहिजे.

पहिला तास

चांगली सुईण हे काम बाळंतपणाच्या आधीच सुरू करते. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला आलेल्या बाईला ती सांगून ठेवते की बाळ जन्मले की पुसून, कोरडे करून लगेच तुझ्या उघड्या छातीवर ठेवू. ते आपणहून तोंड हलवीत दूध शोधेल. ऐन वेळी कळा सोसून थकलेल्या बाईला नवे काही समजत नाही. आधी ऐकलेले मात्र आठवते. तिच्या बरोबर आलेल्या आईला किंवा सासूलाही त्याच वेळी सांगितलेले बरे.

पोट फाडून बाळंतपण झाले तरी आई शुद्धीवर आहे, बोलते आहे, तर बाळाला पाजता येते. टाके ओढू नयेत म्हणून तिला कुशीवर वळवून बाळ शेजारी द्यावे लागते. तिला एकटीला ते जमत नाही. सिस्टरचे हात तिथे लागतात.

पहिल्या दिवशी चीक थोडाच येतो, चमचा-दोन चमचे. तो पाहून घरचे घाबरतात. पण जन्मलेल्या बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. निसर्गाने माप बरोबर काढलेले आहे.

'माय, दूधच उतरत नाही'

दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरी कसोटी लागते. बाळ रडते, आई रडकुंडीला येते. 'माय, दूधच उतरत नाही, लेकरू उपाशी राहीन,' असे बाळंतीण म्हणते. कुणीतरी डब्याचे दूध आणायला सांगते. नेमक्या याच दिवशी दाराशी सिस्टर किंवा आशाताई आली, तर पुढचे सहा महिने सावरतात. आली नाही, तर बाटली घरात शिरते.

विहिरीचे गणित आपल्याला ठाऊक आहे. उपसा झाला की झरे मोकळे होतात, उपसा थांबला की झरे बुजतात. आईच्या दुधाचेही तसेच आहे. बाळ जितक्या वेळा ओढील, तितके दूध तयार होते. बाटलीने पोट भरलेले बाळ छातीला कमी ओढते, म्हणून दूध कमी होते, म्हणून आणखी बाटली लागते. 'दूध कमी म्हणून बाटली दिली' असे आपण म्हणतो. पुष्कळदा बाटली दिली म्हणून दूध कमी झालेले असते. रात्रीचे पाजणेही टाळू नये. दूध तयार करणारे द्रव्य आईच्या शरीरात रात्री जास्त असते.

अशा वेळी जाणती सिस्टर 'दूध येईल, काळजी नको' एवढे बोलून उठत नाही. ती म्हणते, 'ताई, माझ्यासमोर पाजून दाखवा.' मग ती पाहते : बाळाचे तोंड पूर्ण उघडे आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, हनुवटी छातीला टेकली आहे का, नुसते बोंड तोंडात आहे की भोवतीचा काळा भागही आहे. नुसते बोंड चोखले तर बोंडाला चिरा पडतात, आईला ब्रह्मांड आठवते आणि बाळाच्या तोंडात दूध येत नाही. पुष्कळ वेळा बाळाचे अंग आईकडे वळवले, पोटाला पोट लावले, आईच्या पाठीशी एक उशी दिली, एवढ्याने काम होते.

दूध पुरते की नाही हे ओळखायची खूण रडणे नव्हे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी करते आहे का ते पाहावे. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते, ते साधारण दोन आठवड्यांत भरून निघते आणि पुढे वाढत जाते. लघवी होते आहे, वजन वाढते आहे, तर दूध पुरते आहे. आशाताईकडचा वजनकाटा यासाठीच आहे.

रडण्याची वाट पाहू नका

'मूल रडल्याशिवाय आई पाजत नाही,' अशी आपली म्हण आहे. हक्क मागण्याच्या बाबतीत ती खरी असेल, बाळाच्या बाबतीत मोडायला हवी. भूक लागली की बाळ आधी चुळबुळ करते, तोंड वळवून शोधते, मूठ चोखते. रडणे ही अगदी शेवटची खूण. रडून लाल झालेले बाळ नीट तोंडात धरत नाही. म्हणून बाळ आईजवळच झोपवावे आणि मागेल तेव्हा पाजावे. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा. घड्याळ लावू नये.

मध, घुटी आणि उन्हाळ्याचे पाणी

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, असे सांगितले की आजीबाई तीन गोष्टी विचारतात.

पहिली मधाची. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. मधात क्वचित असे जंतू असतात, की जे मोठ्यांना काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाला लुळे पाडू शकतात. दुसरी घुटीची. घुटीतली मुळी चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवू. ती उगाळायची सहाण, त्यावरचे पाणी आणि उगाळणाऱ्याचा हात, यांतून हगवण शिरते. तिसरी पाण्याची. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन माणसाला भाजून काढते, मग बाळाला तहान लागणार नाही का? लागते, पण आईच्या दुधात १०० भागांत सुमारे ८८ भाग पाणीच असते. आई भरपूर पाणी प्याली आणि बाळाला जास्त वेळा पाजले, की बाळाची तहान भागते. डॉक्टरांनी दिलेली औषधे, थेंब किंवा हगवणीत जलसंजीवनी मात्र द्यावीच. त्याने हा नियम मोडत नाही.

आणि सहा महिने हा आकडा काही बाहेरून लादलेला नाही. आपल्याकडे उष्टावणाची रीत आहेच. सहाव्या महिन्याच्या सुमारास समारंभाने पहिला घास देतात. तो घास द्यायच्या आधी अन्न द्यायचे नाही, हे त्या रीतीतच आले. उष्टावणानंतर मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, केळे असे सुरू करावे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

आधी ऐकणे, मग सांगणे

विस्तार कार्यात वर्षे घालवल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. शेतकऱ्याला रागावून सांगितले की तो 'हो साहेब' म्हणतो आणि आपली पाठ वळली की हवे तेच करतो. बाळंतिणीचेही तसेच आहे. 'बाटली का दिली?' असे दरडावून विचारले, की पुढच्या वेळी बाटली खाटेखाली जाते आणि सिस्टरला सांगितले जाते, 'फक्त अंगावरचेच पाजते.' मग सल्ला कोणाला द्यायचा?

म्हणून समुपदेशन हा मोठा शब्द असला तरी त्याचा अर्थ साधा आहे. आधी विचारावे : रात्री झोप मिळते का, कुठे दुखते का, घरचे काय म्हणतात? बाई बोलून मोकळी झाली की तिचे अर्धे ओझे उतरते. याला शास्त्राचाही आधार आहे. दूध बाहेर सोडणारे जे द्रव्य शरीरात असते, ते काळजीने आणि दुखण्याने अडते. धीर मिळाला, बाळ जवळ आले की ते वाहू लागते. मग जे ती बरोबर करते आहे, ते आधी सांगावे. आणि बदल एका वेळी एकच सुचवावा.

केव्हा यायचे याचेही वेळापत्रक आहे. २०११ पासून देशभर आशाताईने बाळाच्या घरी भेटी द्यायच्या आहेत : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवशीही. पेरणीनंतर कोणत्या दिवशी शेत पाहायचे हे जसे ठरलेले असते, तसेच हे. या दिवशी आशाताई आली नाही तर निरोप पाठवून बोलवावे. तो आपला हक्क आहे.

याचा उपयोग होतो का?

हरियाणात आठ गावसमूहांत एक पाहणी झाली आणि २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. चार समूहांत गावच्या दाया, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका-प्रसाविका यांना शिकवून आयांशी बोलायला सांगितले. चार समूहांत नेहमीसारखेच चालू ठेवले. बाळे तीन महिन्यांची झाली, तेव्हा पहिल्या समूहांत १०० पैकी ७९ बाळे फक्त आईच्या दुधावर होती, दुसऱ्या समूहांत ४८. पहिल्या समूहांत हगवणही कमी आढळली. आणि पाणी-घुटी न दिल्याने बाळे वाढीत मागे पडली नाहीत. 'नुसत्या दुधावर लेकरू वाळेल,' या भीतीला हे चोख उत्तर आहे.

आपल्या विदर्भातले उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. ऊब, स्वच्छता, स्तनपान, आजार ओळखणे आणि त्यावर उपचार अशी कामे त्या करीत. १९९९ साली निष्कर्ष छापले गेले, तेव्हा तिथला नवजात बालमृत्यूंचा दर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला होता. हे सारे एकट्या स्तनपानाने झाले असे नाही. पण घरी येणारी, ओळखीची, शिकलेली बाई काय करू शकते, ते त्यातून दिसले. आज आशाताईच्या ज्या घरभेटी होतात, त्यांचे मूळ याच कामात आहे.

डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठीही आपल्याकडे काम झाले. १९९१ साली वर्ध्यात 'स्तनपान संवर्धन जाळे' स्थापन झाले, आणि १९९२ साली संसदेने कायदा केला. त्यानुसार बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत. असा नमुना कुणी हातात दिला, तर तो भेट नव्हे, कायद्याचा भंग आहे.

महाराष्ट्रात सहा महिन्यांखालची १०० पैकी ७१ बाळे फक्त आईच्या दुधावर आहेत, असे २०१९-२१ च्या पाहणीत दिसले. आधीच्या पाहणीपेक्षा ही मोठी सुधारणा आहे. पण उरलेल्या २९ बाळांमध्ये आपल्या गल्लीतले कुणी आहे का, हे आपणच पाहायचे.

निंदण, वेचणी आणि अंगावरचे मूल

आता खरी अडचण. सोयाबीनचे निंदण आणि सोंगणी, कपाशीची वेचणी ही कामे थांबत नाहीत. दोन-तीन महिन्यांचे बाळ असलेली बाई मजुरीला गेली तर बाळाने काय प्यावे? 'फक्त आईचे दूध' हा सल्ला तिला देताना याचे उत्तरही दिले पाहिजे, नाहीतर तो सल्ला नुसता भिंतीवरचा कागद.

सिस्टर तिला दूध काढून ठेवायला शिकवू शकते. हात साबणाने धुवावेत. उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात हाताने दूध काढावे. आपल्याकडच्या उन्हात ते सावलीत, थंड जागी ठेवून चार तासांच्या आत संपवावे. घरच्या आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटलीने नव्हे. वाटी-चमचा धुऊन उकळणे सोपे. बाटलीचे बूच कितीही धुतले तरी आत घाण राहते. कामावर निघताना आणि आल्याबरोबर बाईने पाजावे, रात्री मोकळेपणी पाजावे. शेत जवळ असेल तर दुपारी बाळाला बांधावर आणावे, आणि शेतमालकाने त्या वेळेची मजुरी कापू नये. एवढे मन आपण शेतकऱ्यांनी दाखवायलाच हवे.

पहिल्या बाळंतपणात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात. तो पैसा बाळंतिणीला काही दिवस मजुरीवाचून घरी राहता यावे यासाठी आहे. तो खताच्या उधारीत जाऊ देऊ नये. नाव नोंदवायला आशाताई मदत करते.

घरच्यांनी एवढे करावे

पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा पाच-सहाशे उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एखाद-दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी, जमेल तेव्हा दूध किंवा अंडे. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू जरूर द्यावेत. पण तिला सगळ्यांच्या नंतर, उरलेले जेवायला लावू नये. नवऱ्याने पाणी भरावे, मोठ्या लेकराला सांभाळावे. त्या वेळात ती बाळाला निवांत पाजेल. सिस्टर आली की सासूबाईंनी शेजारी बसून ऐकावे आणि आपली शंका तिच्यासमोरच विचारावी. घरात सासूचा शब्द चालतो. तो सिस्टरच्या शब्दाशी जुळला, तर सुनेची ओढाताण वाचते.

काही खुणा दिसल्या मात्र थांबू नये. बाळ पीत नाही, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, लघवी कमी झाली, तळहात-तळपाय पिवळे दिसले. किंवा आईच्या छातीत लाल, गरम गाठ येऊन ताप भरला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. छातीत गाठ आली तरी पाजणे बंद करू नये. दूध तुंबले की दुखणे वाढते. आईला कायमची औषधे किंवा मोठा आजार असेल, तर पाजण्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. गाडी लागल्यास १०२ किंवा १०८ क्रमांकावर फोन करावा.

घरात कुणाला सातवा-आठवा महिना असेल, तर हे पान तिला वाचून दाखवा. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर सासूबाई किंवा आईने जावे आणि सिस्टरला एवढेच विचारावे : बाळ झाल्यावर पहिल्या तासात आमच्या पोरीजवळ कोण बसणार?